बोलण्यांआधीचे पेढे

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी ते नीट विचार करून सांगेन, आणि मग त्यात काही मजा उरणार नाही.

तर आम्ही घर बदलतोय. लांब नाही, शारजाच्या याच रोल्ला भागात, या बिल्डिंगमधून पलीकडच्या गल्लीत. पण आईने सगळी कपाटं रिकामी काढलीयेत आणि माझ्या वाट्याला आला कॉम्प्युटरचा ड्रॉवर. त्यात तीन मेलेले माऊस, एक पिंगपाँगचा बॉल आणि एक निळी फ्लॉपी. फ्लॉपीवर माझंच सातवीतलं अक्षर: 'टीम लिस्ट, डोन्ट टच'. आता असं लिहिलेलं दिसल्यावर कोण टच करणार नाही? घातली. कॉम्प्युटर बराच वेळ कुरकुरला आणि उघडली. आत दोन फायली. 'लिस्ट' आणि 'लिस्ट न्यू'. पहिलीत दहा नावं, सगळ्यात वर बाबांचं, पुढे कॅप्टन. दुसरीत पण दहा नावं. बाबांचं नाहीच.

ती दुसरी मी टाइप केली होती. आणि ती टाइप करायची वेळ माझ्यामुळेच आली होती. हे मी घरात आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. म्हणजे त्यांना माहितीये, पण मी सांगितलेलं नाही.

हां, आधी टीम. बाबांचं एसी आणि डक्टिंगचं छोटं वर्कशॉप आहे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. शुक्रवारी सुट्टी. तर शुक्रवारी संध्याकाळी एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर ही सगळी मंडळी बास्केटबॉल खेळायची. निम्मे आपले मराठी, निम्मे वसईचे ख्रिश्चन, हॉटेलात आणि ऑफिसात काम करणारे. टीम बाबांनीच सुरू केली होती. तेव्हा बाबा चव्वेचाळीस वर्षांचे, डाव्या गुडघ्याला कायम क्रेप बँडेज, आणि फ्री थ्रो (फाउल झाल्यावर लाइनवरून मिळतो तो) मारायचे ते दोन्ही हातांनी खालून, बादलीतलं पाणी अंगणात फेकावं तसे. सगळे हसायचे. आणि बॉल जायचा आत! दर वेळी! त्यांची दुसरी खासियत डावा कोपरा. तिथून रिंगमागच्या फळीला लावून आत. बाकी ठिकाणाहून विचारू नका.

मी स्कोअरर. पेन्सिल, रबर, शीट आणि आकडे उलटायचा पुठ्ठ्याचा बोर्ड. शिवाय टीमची सगळी पत्रं मीच टाइप करायचे, कारण घरात माझ्याइतकं फास्ट कुणीच टाइप करायचं नाही. (अजूनही नाही.)

आमची लीग इथल्या भारतीय टीम्सची होती. तीन नियम लक्षात ठेवा. एक, लिस्टमध्ये जास्तीत जास्त दहा नावं. दोन, एक माणूस एकाच टीमचा, खेळाडू असो नाहीतर कोच. तीन, प्रत्येक टीमला एक परदेशी खेळाडू चालेल.

यावर आई म्हणायची, "परदेशी म्हणजे कोण? आपण काय इथले आहोत?"

त्या सीझनच्या आधी वर्कशॉपच्या शेजारच्या वेअरहाऊसमध्ये एक फिलिपिनो आला. आधी खोर फक्कानच्या पोर्टवर होता, कंपनीने बदली करून शारजाला पाठवलेला. सगळे त्याला कुया म्हणायचे. कुया म्हणजे त्यांच्याकडे दादा. बाबांशी ओळख झाली ती पान्यावरून, तो पाना मागायला आला होता. एका शुक्रवारी बाबा त्याला कोर्टवर घेऊन आले. उंची काही फार नाही. पायात रबरी चपला. कुणीतरी गंमत म्हणून बॉल टाकला त्याच्याकडे, तर याने तो तिथूनच, चपलांवरच, मारला. रिंगला शिवलासुद्धा नाही. जाळी नुसती हलली. मग अजून एक. मग अजून एक. मी अकरा मोजले आणि बाराव्याला पेन्सिल खाली पडली माझी.

त्या दिवसापासून माझं सुरू. बाबा, त्याला घ्या ना. बाबा, प्लीज. मी तेव्हा घरात इंग्रजीतच बोलायचे, मराठीत विचारलं तरी. "वी विल विन द कप!" जेवताना, गाडीत, दात घासताना. आई म्हणाली, "अहो, घ्या त्याला नाहीतर हिला तरी कुणाला तरी देऊन टाका."

पण कुया मोकळा नव्हता. खोर फक्कानच्या टीमने त्याला दोन सीझनसाठी बांधून घेतलं होतं आणि त्यातला एक बाकी होता. (मागच्या सीझनला ती टीम दुसऱ्या गटात होती, म्हणून आम्ही त्याला कधी पाहिलं नव्हतं.) तिथून रिलीज लेटर आल्याशिवाय लीग त्याचं नाव घेणार नाही.

"बायआउट द्यावा लागेल," वसईचा काका म्हणाला. हा आमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा, सहा फूट एक इंच, हॉटेलात बँक्वेटला होता. गोरे गेस्ट खोलीत सोडून गेलेली अमेरिकन बास्केटबॉलची मासिकं तो घरी आणायचा, त्यामुळे असले शब्द त्याच्याकडे असायचे.

"बायआउट म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे वहिनी, सोडचिठ्ठी आपण घ्यायची आणि पैसे पण आपणच द्यायचे."

मग आमच्या हॉलमध्ये मीटिंग. आता मराठी माणसं मीटिंग कशी घेतात तुम्हाला माहितीये. दहा माणसांची टीम, पण सूचक कोण, अनुमोदक कोण, मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचा. वृत्तांत लिहायला जमिनीवर मी. काका उभा राहून म्हणाला, "माझा विरोध आहे. बाहेरून माणूस आणून जिंकलो तर जिंकलं कोण? आणि कॅप्टन, लिस्टमध्ये दहा जण आहेत. तो आला तर एक जाणार. कोण जाणार ते आधी सांग."

सगळे चिवडा बघायला लागले. कारण सगळ्यात वयस्कर कोण आणि गुडघा कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मी बँडेज रोज बघायचे. पण मला वाटलं जाईल कुणीतरी, ते कोपऱ्यातले एक काका दर मॅचला उशिराच येतात, ते जातील.

बाबा म्हणाले, "ते नंतर बघू. आधी जाऊन विचारू तरी." हात वर केले. पाच-चार, एक जण ड्युटीवर होता. बाबांनी शेवटी हात वर केला, घ्यायच्या बाजूने. मी वृत्तांतात तीन उद्गारचिन्हं टाकली.

आता पेढ्यांचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबांची कामाची एक पद्धत आहे. कुठल्याही पार्टीबरोबर रेट, तारीख, माल, सगळं बोलून झालं की ते पेढ्यांचा बॉक्स काढतात. समोर पठाण असो, इजिप्शियन असो नाहीतर लोकल अरबाब म्हणजे शेठ, हातावर पेढा. एकदा तोंड गोड केलं की काम पक्कं. मग तांब्याचा भाव वाढो, मशीन बंद पडो, बाबा मागे फिरत नाहीत. दोन वेळा तोट्यात गेलेत असे, आई अजून ती कामं नावानिशी सांगते. म्हणून खोर फक्कानला निघताना आईने बॉक्स माझ्या मांडीवर ठेवला आणि बजावलं, "बोलणी झाल्यावरच काढायचे. आधी नाही. कळलं?"

"येस, आई."

निघालो. बाबांचा पिकअप, पुढे बाबा, काका आणि मध्ये मी. धैद गेलं, मसाफीचा शुक्रवार बाजार गेला, मग डोंगर, वळणं, काकाचे गुडघे डॅशबोर्डला लागलेले. कुया त्या शुक्रवारी तिकडेच होता, जुन्या मित्रांकडे. पोर्टच्या कामगारांच्या कँपमागे एक कोर्ट, एका रिंगला जाळीच नाही, आणि पलीकडे कंटेनरचे डोंगर. त्यांच्या टीमचा मॅनेजर म्हणजे कँपचा सुपरवायझर, मल्याळी, पांढरी मिशी. बाबा त्याला चेट्टा, म्हणजे मल्याळीत दादा, म्हणायला लागले, तो बाबांना सार. त्याने चहा मागवला. त्यांची आठ-नऊ पोरं भोवती उभी, सगळी पोर्टवर कामाला, आणि कुया मध्ये. ती पोरं कुयाकडे ज्या नजरेने बघत होती ना, ते मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं. मला फक्त एवढं दिसत होतं की आपण आलोय, चहा आलाय, सगळे हसतायत, म्हणजे झालं!

मी बॉक्स उघडला.

खरंच सांगते, कुणी मला सांगितलं नाही. मी उठले, चेट्टांच्या हातावर पेढा ठेवला, कुयाच्या हातावर ठेवला, सगळ्या पोरांना वाटले. चेट्टा म्हणाले, "शुगर है मेरे को," आणि अर्धा खाल्ला. कुया म्हणाला, "थँक यू, लिटल सिस्टर." बॉक्स रिकामा झाल्यावर मी वळले आणि बाबांचा चेहरा पाहिला. रागावलेला नव्हता. टेप लावून मोजताना ते जसे गप्प होतात ना, तसा.

मग चेट्टांनी मिशी पुसली आणि आकडा सांगितला. तीन हजार दिरहॅम.

काकाने तिथल्या तिथे मोठ्याने हिशोब केला, "म्हणजे तेहतीस हजार रुपये! अरे, तेवढ्यात वसईला माझ्या घरावर पत्रे पडतील!"

आमच्या टीमच्या डब्यात आठशे होते.

"देखो सार," चेट्टा म्हणाले, "मेरे को पैसा नहीं मंगता. लेकिन ये लोग को खेलना कौन सिखाया? ये सिखाया. ये गया तो मेरा टीम खलास."

काका बाबांना बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे माझ्याच शेजारी. "चल निघू, कॅप्टन. प्रेमाने आलो, चहा प्यालो, प्रेमाने जाऊ."

"तोंड गोड केलंय त्यांचं," बाबा म्हणाले.

"अरे, पोरीने केलंय! आणि त्या चेट्टाला काय कळतंय? त्याच्यासाठी ती नुसती मिठाई. त्याने तर अर्धाच खाल्ला!"

"आपल्याला कळतंय ना?"

"तू ना, आयला, वेडा आहेस."

मला रडू यायला लागलं होतं, पण तेवढ्यात बाबा चेट्टांना घेऊन कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला गेले, जाळी नसलेल्या रिंगखाली. लांबून काही ऐकू येईना. बाबा हाताने काहीतरी दाखवत होते, खालून वर, बादली फेकल्यासारखं. चेट्टा हसले. मग दोघांनी हात मिळवले. परत आल्यावर बाबा म्हणाले, "खलास. झालं काम. लेटर आजच देतायत." मी उडीच मारली! काका मात्र हलला नाही. "काय दिलंस?" त्याने विचारलं. बाबा म्हणाले, "गाडीत बस." गाडीतही सांगितलं नाही. निघताना चेट्टा खिडकीशी वाकून म्हणाले, "फ्रायडे को मिलेंगे सार, इन्शाल्ला." मला वाटलं, असंच म्हणत असतील.

गुरुवारी संध्याकाळी बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "नवी लिस्ट कर." ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. कॅप्टन म्हणून पहिलं नाव काकाचं. मी मान वर केली नाही. दुसरं, तिसरं. ते कोपऱ्यातले उशिरा येणारे काकासुद्धा आले. नववं. दहावं कुयाचं.

"बाबा, तुमचं राहिलं."

"राहिलं नाही. प्रिंट काढ."

"नो वे."

"प्रिंट काढ, बाळा."

"नो! दॅट्स नॉट फेअर! मी नाही काढणार!" हे शेवटचं मराठीत आलं, रागात मला मराठीच येतं. मग बाबांनी स्टूल ओढून घेतलं आणि सांगितलं. पैशांच्या ऐवजी त्यांनी स्वतःला देऊन टाकलं होतं. पूर्ण सीझन, दर शुक्रवारी, खोर फक्कानच्या पोरांना शिकवायला. आणि एक माणूस एकाच टीमचा, त्यामुळे नाव त्यांच्या लिस्टमध्ये, दहावं.

"मी पेढे काढले म्हणून," मी म्हणाले.

"तू काढले म्हणून मला ठरवायला सोपं गेलं," बाबा म्हणाले. "गुडघा काय, या सीझनला नाहीतर पुढच्या. इथे तुम्ही लोकांनी मला बाकावर बसवलं असतं आणि मग सगळ्यांनी चिवडा बघितला असता. तिथे निदान उभं राहून ओरडायला मिळेल."

तेवढ्यात काका आला, बेल पण वाजवली नाही. त्याला कुयाकडून कळलं होतं. "माझं नाव काढ आणि याचं घाल," तो मला म्हणाला, "आत्ता, माझ्यासमोर."

"त्यांना सेंटर नकोय," बाबा म्हणाले. "शिकवणारा माणूस हवाय."

"मग मी शिकवतो!"

"तुला फ्री थ्रो तरी येतो का?"

खरंच येत नव्हता काकाला. आई आतून ओरडली, "दोघं भांडा, पण जेवून भांडा." मी प्रिंट काढली. पण जुनी फाइल उडवली नाही. म्हणून त्या दोन फायली फ्लॉपीवर.

मग सुरू झाले ते शुक्रवार. बाबा सकाळी सातला पिकअप घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे, मागे बर्फात किंगफिश म्हणजे सुरमई, चेट्टांनी दिलेला. आमच्या कोर्टवर कुया खेळायचा आणि आम्ही जिंकायचो. खरंच जिंकायचो, एकदा अठरा पॉइंटनी! आणि मी ते लिहायचे आणि मला डाव्या कोपऱ्यात कुणी दिसायचं नाही. कुया पण मॅच संपली की तिकडे बघायचा. "बॉस कमिंग?" दर वेळी विचारायचा. त्याला माहीत असायचं, नाही येणार. रात्री मग आमच्याकडे किंगफिश खायला यायचा आणि बाबा त्याला त्याच्याच जुन्या पोरांची तक्रार सांगायचे. "तो डावखुरा ऐकत नाही रे, हबीबी." कुया म्हणायचा, "शाऊट, बॉस. ही लाइक शाऊटिंग."

सीझनची शेवटची मॅच, आमच्या कोर्टवर, खोर फक्कान.

ती पोरं बसमधून उतरली, सातच, दोघं पोर्टवर ड्युटीला होते, तेव्हा मी ओळखलंच नाही. आधी ती सगळी एकाच बॉलमागे धावायची, असं बाबा सांगायचे. आता पास करत होती, बोलत होती, जागा सोडत होती. आणि मग त्यांना पहिला फ्री थ्रो मिळाला. तो डावखुरा लाइनवर उभा राहिला आणि त्याने बॉल दोन्ही हातांनी खाली, गुडघ्यांमध्ये घेतला. सगळं कोर्ट हसलं. बॉल आत. दुसऱ्या पोरानेही तसाच मारला. आत. तिसऱ्याने पण! सातच्या सात पोरं बादल्या फेकतायत आणि हसायचं हळूहळू बंद होतंय. काका माझ्या टेबलाजवळून पळता पळता म्हणाला, "याने तिकडे नळ कनेक्शन घेतलंय का काय?"

आम्ही एका पॉइंटने पुढे होतो आणि शेवटचं मिनिट चालू होतं, तेव्हा त्यांच्यातला एक जण स्वतःचा पाचवा फाउल होऊन बाहेर गेला. एकाचा घोटा आधीच सुजलेला, दुसऱ्याचा अंगठा. चेट्टांनी बाकाकडे पाहिलं. बाबांनी ट्रॅकपँट काढली. खाली बँडेज. निळी जर्सी, आमची नाही. मी त्यांना आमच्या लाल रंगाशिवाय कोर्टवर कधी पाहिलंच नव्हतं.

आई प्रेक्षकांतून म्हणाली, "अहो, जपून!" दोन्ही टीम हसल्या.

बाबा लंगडत लंगडत डाव्या कोपऱ्यात गेले. दुसरीकडे कुठे जाणार? बॉल त्यांच्याकडे आला. समोर कुया. आणि कुया एक पाऊल मागे सरला. मुद्दाम, मी समोरच बसले होते. तर बाबा बॉल हातात धरून त्याच्यावरच ओरडले, "यल्ला, हँड्स अप! डिफेन्स कोण करणार, तुझा अरबाब?" तेव्हा कुया पुढे आला, हात वर, पूर्ण उडी, खराखुरा. बाबांनी त्याच्या बोटांवरून मारला. फळी. जाळी.

माझा हात आपोआप डावीकडे गेला. शीटवर डावीकडे आम्ही होतो. बाबांचे दोन पॉइंट मी आयुष्यात कधीच उजवीकडे लिहिले नव्हते. पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा, एक छोटा ठिपका उमटला. रेफरी विचारत होता, "नंबर? नंबर?" मग मी ती उचलली आणि उजवीकडे लिहिलं. दहा नंबर, दोन पॉइंट. आणि बोर्डावरचा त्यांचा आकडा माझ्याच हाताने उलटला.

हरलो. एका पॉइंटने. कप गेला तिसऱ्याच टीमला, अबू धाबीच्या, ते तर मैदानावर पण नव्हते.

काका दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग जाऊन त्याने बाबांना गुडघ्याखाली धरून सरळ उचललं, निळ्या जर्सीसकट, आणि ओरडला, "अरे, तीन हजार दिले असते तर स्वस्तात सुटलो असतो!" चेट्टा हसता हसता खाली बसले. कुया रडत होता का हसत होता कळत नव्हतं. आणि चेट्टांनी पिशवीतून बॉक्स काढला. पेढे. रोल्लातल्याच दुकानातले. "पहले खाओ," ते मला म्हणाले, "बात बाद में." आणि स्वतः पूर्ण खाल्ला, शुगर असून.

बाबा नंतर कधी खेळले नाहीत. ती त्यांची शेवटची बास्केट, आणि ती माझ्या अक्षरात आहे, आमच्या विरुद्ध बाजूला. आत्ता ते बाहेर खोक्यांना टेप लावतायत आणि मला हाका मारतायत, ड्रॉवर झाला का म्हणून. मी दोन्ही फायली ठेवणार आहे. ती शीट पण शोधणार आहे, तो ठिपका अजून आहे का बघायला.

पण तुम्ही सांगा ना. तुमच्या बाबांनी तुमच्याच टीमवर मारलेली बास्केट तुम्हाला कधी स्वतःच्या हाताने लिहावी लागलीये? आणि लिहिताना तुमचा पण हात आधी चुकीच्या बाजूला गेला होता का?